भिंगताईने पास केलेला डबा

भिंगताईचा कशावरच विश्वास नव्हता, आणि त्याबद्दल तिला दरमहा पगार मिळायचा.

शर्ट शिवणाऱ्या कारखान्यात ती चेकर होती. लाईनवरून शिवून आलेला शर्ट टेबलावर पडला की ती आधी तो उलटा करायची. शर्टाची बाहेरची बाजू तिने कधी मन लावून बघितलीच नाही. "बाहेरून काय, सगळेच सभ्य दिसतात," असं तिचं म्हणणं. काखेतली शिवण, कॉलरच्या आतलं कापड, काजामागचे सुटे धागे, सगळ्यावरून तिचं बोट फिरायचं आणि एक टाका जरी निसटलेला सापडला तरी तो शर्ट शिवणारीच्या मांडीवर परत जायचा. या सगळ्यातून जो सुटेल त्याच्या कॉलरला लाल ठिपका चिकटायचा. लाल ठिपका म्हणजे पास. तो एकदा लागला की पॅकिंगवाले त्या शर्टाकडे ढुंकूनही बघायचे नाहीत. भिंगताईने बघितलंय ना, मग झालं!

तिच्या गळ्यात दोरीला बांधलेलं एक भिंग असायचं, म्हणून लाईनवरच्या बायकांनी हे नाव ठेवलेलं. समोर 'ताई' म्हणायच्या, पाठीमागे काय म्हणायच्या ते न सांगितलेलंच बरं.

तिला एकदा लग्नाचं स्थळही सांगून आलं होतं. माणूस उंचापुरा, बोलायला साखर. तो हात धुवायला आत गेला तेवढ्यात हिने खुंटीवरचा त्याचा कोट उलटा करून बघितला. अस्तर फाटलेलं, आणि काळ्या कोटाला पांढऱ्या दोऱ्याने टाचलेलं. "दिसत नाही तिथे जो पांढरा दोरा लावतो, तो संसारात काय दिवे लावेल?" असं म्हणून हिने नकार दिला. आईने कपाळावर हात मारून घेतला. पुढे सहा महिन्यांनी कळलं की त्या गृहस्थाचा दुसऱ्या गावात आधीच एक संसार चालू होता, पोराबाळांसकट. झालं! तेव्हापासून भिंगताईच्या संशयाला घरात वजन आलं, आणि तेव्हापासून ती जरा जास्तच संशय घ्यायला लागली, हेही खरं. पहिल्याच डावात जिंकलेला जुगारी नंतर उठायचं नाव घेत नाही, तशातली गत.

पुढे लग्न केलं नाही ते नाहीच. धाकट्या बहिणीच्या घरात मागच्या खोलीत ती राहायची. तिची शिवणाची मशीन, तिचा पलंग आणि दाराला तिने स्वतः लावलेल्या दोन कड्या. धाकटी शाळेची बस चालवायची. बहिणी एकाच आईच्या, पण धाकटीचा स्वभाव अगदी दुसऱ्या टोकाचा. रस्त्यात कुणी हात दाखवला तर ही बस थांबवून त्याच्या घरच्यांचीही चौकशी करणार. तिचा नवरा नळदुरुस्तीवाला. तो कमी बोलायचा, कारण दिवसभर लोकांच्या सिंकखाली आडवा पडलेल्या माणसाला बोलायला समोर कोणी नसतं.

या धाकटीला अंडाशयाचा कॅन्सर निघाला.

ऑपरेशन झालं, मग केमो झाली. त्या दिवसांत भिंगताई घराच्या दारात अशी उभी राहिली की तिला ओलांडून आत यायची कुणाची टाप नव्हती. कारण दुखणं घरात शिरलं की त्याच्या मागोमाग व्हिटॅमिनं शिरतात. शेजारीण एक पावडर घेऊन आली, म्हणे याने गाठी विरघळतात. कारखान्यात इस्त्रीवर काम करणारी एक बाई तर भर जेवणाच्या सुट्टीत म्हणाली, "तुमच्या बहिणीला सी व्हिटॅमिनचं सलाईन लावा, माझ्या जावेच्या आईला लावलं होतं." भिंगताईने विचारलं, "मग? बऱ्या आहेत का त्या?" बाई म्हणाली, "नाही, त्या गेल्या. पण शेवटपर्यंत चेहऱ्यावर तेज होतं हो!" भिंगताईने डबा बंद केला आणि जेवण अर्धवट टाकून उठली.

धाकटीच्या डॉक्टरीणबाईंनीही सांगितलं होतं. केमो चालू असताना ए, सी, ई असल्या व्हिटॅमिनांचे मोठे डोस मनाने घ्यायचे नाहीत, कधी कधी ते औषधाच्याच आड येतात. डी कमी निघालं तेव्हा त्यांनी स्वतः लिहून दिलं. "रक्तात कमी असेल तर भरून काढू. पण व्हिटॅमिनने कॅन्सर बरा होतो असं कुणी सांगितलं तर त्याला माझ्याकडे पाठवा," असं त्या म्हणाल्या. भिंगताईला त्या बाई त्या दिवशी जरा पटल्या. पूर्ण नाही, पण जरा.

थोडक्यात काय, कॅन्सरवर गुण येतो असं म्हणणाऱ्या प्रत्येक डब्याला भिंगताईने उंबऱ्यावरून हाकललं.

मग केमो संपली, आणि केस येईनात. म्हणजे आले, पण कसे? विरळ, पिसासारखे, मधूनमधून टक्कल. धाकटी ऑपरेशनला रडली नव्हती, ओकाऱ्यांना रडली नव्हती, पण एका सकाळी आरशासमोर टोपी काढून उभी राहिली आणि ढसाढसा रडली. "मुलं बसमध्ये चढताना माझ्याकडे बघतात गं ताई. मी त्यांना घाबरवायचं का आता?"

भिंगताईचं काळीज तुटलं. तिने कधी कुणाला तसं म्हटलं नसतं, पण या बहिणीला तिने कडेवर वागवलं होतं. आई दुकानात कामाला जायची तेव्हा धाकटीच्या वेण्या हीच घालायची. त्याच आठवड्यात ती औषधाच्या दुकानात गेली आणि केसांच्या गोळ्यांचा एक डबा हातात घेऊन अर्धा तास उभी राहिली. बायोटिन. केस, नखं, त्वचा. भिंग लावून तिने लेबलची सगळी बारीक अक्षरं वाचली. झाकणाचं सील दोनदा बघितलं, तारीख बघितली, दुकानदाराला इतके प्रश्न विचारले की तो म्हणाला, "बाई, हे साधं बी गटातलं व्हिटॅमिन आहे, विष नाही. जास्त झालं तर लघवीवाटे जातं."

बिचारी गोळी कॅन्सरबद्दल काही म्हणतच नव्हती. तिच्यावर संशय घ्यायचा तरी कसा?

तरीही भिंगताई ती. आधी दोन आठवडे तिने ती गोळी स्वतः खाल्ली. काही झालं नाही. उलट नखं जरा बरी वाटली, निदान तिला तरी तसं वाटलं. मग तिने डबा धाकटीच्या हातात ठेवला आणि वर कारखान्यातून आणलेला एक लाल ठिपका चिकटवला. धाकटी पोट धरून हसली. "ताईने पास केलाय, आता मी मेले तरी चालेल!" तेव्हापासून सकाळच्या चहाबरोबर दोघी बहिणी एकेक गोळी घ्यायच्या. एकटीला घ्यायला कंटाळा येतो म्हणून दोघी.

ऑपरेशननंतर दर ठरावीक दिवसांनी धाकटीचं रक्त तपासायचे. त्या तपासणीचं नाव लांबलचक, घरात सगळे तिला नुसतं 'आकडा' म्हणायचे. आजार निघाला तेव्हा आकडा शेकड्यांत होता. केमोने तो तिसापर्यंत आणला. गोळ्या सुरू झाल्यावर पहिल्या तपासणीला तो आला दहा. पुढच्या वेळी चार.

डॉक्टरीणबाई खूश झाल्या. धाकटी म्हणाली की पोट जरा फुगल्यासारखं वाटतं. त्यांनी पोट दाबून बघितलं, म्हणाल्या, एवढं मोठं ऑपरेशन झालंय, आतडी अजून रुसलेली असणार. "स्कॅन करायचा विचार होता, पण आकडा इतका छान आहे तर पुढच्या वेळी बघू. दुसरं काही औषध वगैरे चालू आहे?"

"नाही," धाकटी म्हणाली.

भिंगताई शेजारच्याच खुर्चीत बसली होती. तिनेही मान हलवली, नाही म्हणून. व्हिटॅमिनला कोण औषध म्हणतं? केसांना तेल लावता का, असं विचारलं असतं तर सांगितलं असतं.

घरी आनंदीआनंद. धाकटीने कामावर परत जायचं ठरवलं. बसच्या ऑफिसातून होकारही आला. नळवाल्याने वर्षभरात पहिल्यांदा शीळ घातली. सगळ्या घरात फक्त एकाच माणसाला हे पटत नव्हतं. दहाचे चार? इतक्या झटपट? भिंगताईच्या लाईनवर एखादी शिवणारी एकाएकी बिनचूक शर्ट पाठवायला लागली की भिंगताई तिच्याकडे दुप्पट लक्ष द्यायची. इतकं सरळ काही नसतं. कुठेतरी पाणी मुरतंय.

हे ती मोठ्याने बोलली, आणि नळवाला स्वयंपाकघरातल्या सिंकखालून म्हणाला, "ताई, पाणी मुरत असेल तर मला सांगा, धंदाच आहे माझा."

"तुम्ही हसा," ती म्हणाली.

मग आली ती पँट. ड्रायव्हरची गणवेशाची पँट भिंगताईच दुरुस्त करायची. केमोत धाकटी वाळली तेव्हा कमर तिनेच आत घेतली होती. आता कामावर जायचं म्हणून ती पुन्हा सैल केली. बरं वाटलं, अंगावर मांस येतंय म्हणून. पंधरा दिवसांनी धाकटी परत पँट घेऊन आली, "ताई, अजून जरा सोड ना." भिंगताईने शिवण उसवली आणि बघितलं तर आत सोडायला कापडच उरलं नव्हतं. जुन्या, धडधाकट धाकटीच्या मापाच्याही पुढे कमर गेली होती.

"शर्ट घाल बघू," ती म्हणाली.

शर्ट घातला. कॉलरमध्ये दोन बोटं सहज जात होती. बाह्या दंडावर लोंबत होत्या. वरून बाई वाळलेली आणि कमरेला बटण लागत नाही. एकाच माणसाला दोन वेगळ्या माणसांच्या मापाचे कपडे लागत होते.

"जेवतेस किती?"

"भरपूर!" धाकटी म्हणाली आणि नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्याने नळाकडे बघितलं. भिंगताईने दोघांकडे बघितलं.

त्या दिवसापासून तिला चैन पडेना. धाकटी आणि नळवाला आतल्या खोलीत कुजबुजायचे आणि ही चहा घेऊन गेली की गप्प व्हायचे. ताकाला जाऊन भांडं लपवण्यातला प्रकार. एक दिवस तिने नळवाल्याला जिन्यात गाठलं. "खरं सांगा. डॉक्टरांनी तुम्हाला एकट्याला काही सांगितलंय का? खोटा आकडा सांगताय का तिला, बरं वाटावं म्हणून?"

"ताई, काहीतरीच काय!" त्याचा चेहरा पांढराफटक पडला. तो खोटं बोलत नव्हता हे तिला दिसलं. पण काहीतरी गिळत होता हेही दिसलं.

मग तिने लॅबवर संशय घेतला. गेली सरळ तिथे. काउंटरवर रक्त घेणारी एक तरतरीत मुलगी बसायची. भिंगताईने तिला विचारलं, "तुमच्याकडे बाटल्या अदलाबदल होतात का?" मुलीने दुसऱ्या बाईच्या दंडाला पट्टा बांधता बांधता शांतपणे सांगितलं, प्रत्येक बाटलीवर नाव, वेळ आणि पट्ट्यांचा छाप असतो, मशीन तो वाचतं. भिंगताईने तो छापही भिंगातून बघितला. रांगेतले लोक कुरकुरायला लागले, मागून एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "अहो बाई, इथे रक्त द्यायचंय, लग्न जमवायचं नाही!" सगळे हसले. भिंगताई हात हलवत घरी आली.

घरी धाकटी चिडली. "माझा आकडा चांगला आलाय तर तुला सोसत नाहीये का ताई? सगळ्यात खोट काढायची हौसच आहे तुला. कारखान्यात काढ ना खोट, इथे कशाला?"

भिंगताईला ते लागलं. रात्रभर ती कूस बदलत राहिली. सकाळी मात्र चहाबरोबर दोघींनी गोळ्या घेतल्या, आणि धाकटीची विसरली तर हीच म्हणाली, "अगं, गोळी!"

त्याच महिन्यात कारखान्यात कामगारांची तपासणी झाली. रक्त त्याच लॅबवाल्यांनी नेलं. भिंगताईचा रिपोर्ट आला आणि कारखान्याच्या डॉक्टरांनी तिला बोलावून घेतलं. थायरॉईड फार वाढलेला दिसतोय. छातीत धडधडतं का? घाम? झोप? वजन उतरलं? भिंगताईने सगळ्याला 'नाही' म्हटलं. डॉक्टर बुचकळ्यात पडले, म्हणाले, मोठ्या डॉक्टरांना दाखवून औषध सुरू करावं लागेल.

भिंगताई मात्र आतून उड्या मारत होती! सापडला चोर! तिला काही म्हणजे काही होत नव्हतं, आणि कागदावर ती आजारी. म्हणजे लॅबच खोटी. म्हणजे धाकटीचा आकडाही खोटा. सुट्टी होताच ती रिपोर्ट फडकवत लॅबमध्ये शिरली. "बघा! तुमचं मशीन बिघडलंय! मी ठणठणीत आहे आणि तुम्ही मला रोगी केलंत!"

तीच मुलगी काउंटरवर होती. तिने रिपोर्ट हातात घेतला, आकड्यांवरून नजर फिरवली आणि भिंगताईकडे बघितलं.

"तुम्ही केसांसाठी वगैरे काही घेता का? बायोटिन?"

भिंगताईने रिपोर्ट फडकवायचा थांबवला आणि मान हलवली, हो म्हणून.

"बऱ्याच बायका घेतात हल्ली," मुलगी म्हणाली. "डोस मोठा असेल तर आमच्या मशीनला चकवतं ते. सगळ्या कंपन्यांच्या मशीनला नाही, पण आमच्या मशीनची तपासणी ज्या पद्धतीने होते ना, तिच्यात हे व्हिटॅमिन मध्ये येतं. काही आकडे वर दाखवतं, काही खाली. तुम्हाला थायरॉईड नसणारही. गोळी आठवडाभर बंद ठेवा आणि परत या. आधी विचारायला हवं होतं खरं, पण कारखान्याच्या तपासणीत शंभर माणसं येतात, कोण कुणाला विचारतं."

"काही आकडे खाली," भिंगताई म्हणाली.

"हो."

"अंडाशयाच्या कॅन्सरचा जो बघतात, तो?"

मुलीने पेन खाली ठेवलं. "तोही," ती हळू म्हणाली. "तो खाली दाखवू शकतं. कोणी घेतंय का?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा! नळवाला झाला, डॉक्टर झाले, लॅब झाली, बाटल्या, छाप, सगळं जग उलटंपालटं करून झालं. आणि डबा कुठे होता? घरात, चहाच्या कपाशेजारी, वर लाल ठिपका लावून. भिंगताईला आपलीच लाज वाटली, आणि लाजेहून मोठी भीती वाटली. बाहेर येऊन ती शेजारच्या दुकानाच्या पायरीवर बसली. गोळीबद्दल गप्प राहून नुसती परत तपासणी करायला लावावी, असंही तिच्या मनात आलं. धाकटीला कशाला कळायला हवं कुणामुळे झालं? हा विचार आला आणि तिला काळ्या कोटाचा पांढरा दोरा आठवला. ती उठली.

धाकटी बसच्या यार्डात होती. सोमवारी कामावर रुजू व्हायचं म्हणून बसचे आरसे पुसायला आली होती. ड्रायव्हरच्या उंच सीटवर बसून फडक्याने काच घासत होती आणि गाणं गुणगुणत होती. भिंगताई पायऱ्या चढून आत गेली आणि पहिल्याच बाकावर, लहान मुलांच्या त्या ठेंगण्या बाकावर, गुडघे छातीशी घेऊन बसली. आणि सगळं सांगितलं. काही राखून ठेवलं नाही.

धाकटीने फडकं खाली ठेवलं. "म्हणजे आकडा खोटा?"

"असू शकतो. नसूही शकतो. गोळी बंद करून परत बघायला लागेल."

"तू कधी 'असू शकतो' म्हणत नाहीस ताई."

"आता म्हणतेय."

धाकटीने दोन्ही हातांनी स्टीअरिंग घट्ट धरलं. मग म्हणाली, "दोन घास खाल्ले की पोट भरतं माझं. महिना होऊन गेला. रात्री आडवं झालं की दडपतं."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुला?" धाकटी इतक्या जोरात ओरडली की यार्डातला धुलाईवाला वळून बघायला लागला. "तुला सांगितलं असतं तर तू मला टेबलावर पसरलं असतंस! त्यालाही मीच शपथ घातली होती, ताईला बोलायचं नाही म्हणून. तुला काही सांगायची सोय कुठे ठेवलीस तू? शिंक आली तरी तुझं भिंग बाहेर. मला वाटलं, आकडा चांगला आहे ना, मग पोटाचं काय एवढं. एकदा तरी मला कशावर तरी विश्वास ठेवून जगायचं होतं गं! आणि तू, सगळ्या जगाचे डबे दारातून हाकललेस, आणि हा एक तेवढा आत घेतलास. तोही स्वतःच्या हाताने."

भिंगताई त्या ठेंगण्या बाकावर बसून रडली. धाकटी तिच्याजवळ आली नाही. तिने उरलेला आरसा पुसून काढला, बसला कुलूप लावलं, आणि दोघी एकमेकींशी न बोलता पायी घरी आल्या.

गोळी बंद झाली. तो आठवडा घरात कुणी मोठ्याने बोललं नाही. सोमवारी बस दुसऱ्याच कुणी चालवली. भिंगताईने कारखान्यात त्या आठवड्यात एकही शर्ट परत केला नाही, तेव्हा शिवणाऱ्या बायकाच घाबरल्या आणि तिला विचारायला लागल्या, ताई, बरं आहे ना?

मग दोघींचं रक्त परत तपासायला गेलं. भिंगताईचा थायरॉईड अगदी व्यवस्थित आला. धाकटीचा आकडा दोनशेच्या वर गेला होता.

स्कॅनमध्ये पोटात पाणी दिसलं आणि आजाराचे नवे ठिपके दिसले. डॉक्टरीणबाईंनी डबा मागून घेतला. लाल ठिपका बघून त्यांनी तो काय आहे असं विचारलं, पण कुणी सांगितलं नाही.

"गोळीने आजार आणला नाही," त्या म्हणाल्या. "हे नीट समजून घ्या. आजार परत येणार होता तो आला. गोळीने त्याच्यावर पडदा टाकला. आणि मीही आकडा बघून थांबले, पोटाचं ऐकलं नाही. पुढच्या आठवड्यात केमो सुरू करू. यावेळी दुसरं औषध देऊ."

"उशीर झालाय का?" भिंगताईने विचारलं.

"दोन महिने आधी कळलं असतं तर बरं झालं असतं. पुढच्या तपासणीपर्यंत कळलं नसतं तर फार वाईट झालं असतं. याहून जास्त मला खरंच सांगता येत नाही."

भिंगताईने या बाईंच्या बोलण्यात खोट शोधली. सापडली नाही. सापडली असती तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

रविवारी सकाळी भिंगताई मागच्या खोलीत शिवणाच्या मशीनपाशी नुसतीच बसली होती. यार्डातल्या त्या दिवसापासून धाकटी तिच्याशी कामापुरतंच बोलली होती, मीठ कुठे आहे, किल्ली दे. ती आज दारात येऊन उभी राहिली. डोक्यावर टोपी नव्हती. केस कानापर्यंत आले होते, मऊ, अजून थोडे विरळ, पण आले होते. गोळीने आले की आपोआप आले, देव जाणे.

ती खाली जमिनीवर भिंगताईकडे पाठ करून बसली, लहानपणी वेणी घालायला बसायची तशी. "काढून टाक सगळे," ती म्हणाली. "बुधवारी केमो सुरू झाली की परत गळणारच आहेत. उशीवर वेचत कोण बसतंय."

भिंगताईने धागे कापायची कातरी उचलली.

"माझ्यामुळे दोन महिने गेले तुझे," ती म्हणाली.

"गेले," धाकटी म्हणाली. तिने 'नाही गं' म्हटलं नाही. "आणि तू यार्डात येऊन सांगितलं नसतंस तर अजून गेले असते. दोन्ही खरं आहे. मी खूप विचार केला, दोन्ही खरं आहे."

"राग गेलाय का तुझा? की मला बरं वाटावं म्हणून म्हणतेयस?"

धाकटीने मान पुढे वाकवली, शर्टाची कॉलर बोटाने मागून उलटी करून धरली आणि म्हणाली, "घे. बघ तपासून."

गळ्यातल्या भिंगाकडे भिंगताईचा हात सवयीने गेला. मग तिने भिंग काढून मशीनवर ठेवलं, धाकटीची कॉलर सरळ केली आणि मानेपासून केस कापायला सुरुवात केली.